नाथषष्ठी : एका तिथीवर पाच पर्वं



आज फाल्गुन वद्य षष्ठी. काल रंगपंचमी झाली, चार दिवसांपूर्वी तुकाराम बीज झाली, आणि गुढीपाडवा आता नऊ-दहा दिवसांवर आलाय. मराठी वर्षाच्या अगदी शेवटच्या पानावर ही तिथी येते. पंचांगात तिच्यापुढे दोनच शब्द असतात, ‘एकनाथ षष्ठी’. ऑफिसच्या कॅलेंडरवर तर तेवढेही नसतात. पण पैठणला आज पाय ठेवायला जागा नसते. दिंड्या पोचलेल्या असतात, गोदाकाठी राहुट्या पडलेल्या असतात, आणि गल्लीबोळांतून एकच गजर चाललेला असतो, ‘भानुदास एकनाथ’.

आपण रोज एखादा श्लोक किंवा ओवी घेऊन बसतो. आज मी एक तिथीच घेऊन बसणार आहे. या एका तिथीवर वारकरी परंपरा पाच घटना सांगते, म्हणून तिला ‘पंचपर्वा षष्ठी’ असंही म्हणतात. त्यातल्या दोन घटना मृत्यूच्या आहेत. तरीही पैठणला आज शोक नाही, उत्सव आहे. हे कसं, एवढंच आज समजून घेऊ या.

आधी तिथीचं गणित

‘यावर्षी नाथषष्ठी कितीला?’ असं आपण दरवर्षी विचारतो, कारण ती तारखेला बांधलेली नाही. आकाशात सूर्य आणि चंद्र यांच्यातलं अंतर १२ अंशांनी वाढलं की एक तिथी होते. पूर्ण चक्र ३६० अंशांचं, म्हणून महिन्यात ३० तिथी. वद्य षष्ठी ही अमावास्येनंतरची एकविसावी तिथी, म्हणजे हे अंतर २४० ते २५२ अंशांच्या मधे असतं तो काळ. चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं असल्यामुळे इंग्रजी कॅलेंडरवर ही तिथी दरवर्षी अकरा-एक दिवस मागे सरकते, मग अधिक मास येतो आणि तिला परत जागेवर आणतो. उत्तर भारतात महिना पौर्णिमेला संपतो, त्यामुळे हाच दिवस तिकडे चैत्र कृष्ण षष्ठी म्हणून मोजला जातो.

थोडक्यात काय, तर तिथी पाळायची म्हणजे भिंतीवरच्या चौकटीकडे बघून चालत नाही, चंद्राकडे बघावं लागतं. आज मध्यरात्रीच्या आसपास तो उगवेल, अर्ध्याहून थोडा मोठा. चारशे-सव्वाचारशे वर्षांपूर्वी पैठणकरांनी या तिथीला बघितला असेल तो चंद्रही साधारण असाच होता.

पाच पर्वं

आता परंपरा सांगते त्या पाच घटना क्रमाने बघू.

पहिली, जनार्दनस्वामींचा जन्म. शके १४२६, म्हणजे इ.स. १५०४. स्वामी मूळचे चाळीसगावचे, देशपांडे घराण्यातले. पुढे ते निजामशाहीत देवगिरीचे, म्हणजे दौलताबादचे किल्लेदार झाले. संत म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर झोपडी आणि कमंडलू येतो. हे संत मात्र एका बलाढ्य किल्ल्याचा कारभार बघणारे अधिकारी होते. हिशेब, शिबंदी, दारूगोळा, सगळं त्यांच्या शिरावर.

दुसरी, याच तिथीला स्वामींना दत्तात्रेयांचा अनुग्रह झाला.

तिसरी, याच तिथीला पैठणहून निघून आलेला एक पोरसवदा मुलगा स्वामींना पहिल्यांदा भेटला. त्या मुलाचं नाव एकनाथ. पणजोबा भानुदास, म्हणजे विजयनगरला गेलेली विठ्ठलमूर्ती पंढरपूरला परत आणली असं ज्यांच्याबद्दल सांगतात ते. आईवडील लहानपणीच गेले, आजोबा चक्रपाणींनी वाढवलं.

चौथी, जनार्दनस्वामींचं निर्वाण. शके १४९७, इ.स. १५७५. दौलताबादच्या किल्ल्यावर त्यांची समाधी आहे. आपण किल्ला बघायला जातो तेव्हा अंधारी, तोफ, चाँद मिनार बघून परततो. पुढच्या वेळी थोडं आणखी वर चढा.

पाचवी, स्वतः नाथांनी गोदावरीत घेतलेली जलसमाधी. इ.स. १५९९.

आता या यादीकडे जरा थांबून बघा. दिवस ‘एकनाथ षष्ठी’ म्हणून ओळखला जातो, पण पाचातल्या चार घटनांमध्ये जनार्दनस्वामी आहेत. जन्म त्यांचा, अनुग्रह त्यांना, भेट त्यांची, निर्वाण त्यांचं. फक्त शेवटची ओळ एकट्या नाथांची. आणि तीही गुरूंच्या तिथीला, म्हणजे गुरूंच्या पायाशीच. नाथ आपल्या अभंगांच्या शेवटी नाममुद्रा घालतात ‘एका जनार्दनी’. सही करतानाही माणूस एकटा येत नाही, गुरूंना बरोबर घेऊन येतो. जाताना त्यांनी तिथी निवडली, तीही एक सहीच म्हणायची.

एका पैची गोष्ट, आणि बाण करणारा

देवगिरीवरच्या दिवसांची एक गोष्ट बहुतेकांना माहीत असेल. माझ्यासारख्या दिवसभर कोड बघणाऱ्यांना तर ती हमखास आवडते. स्वामींनी नाथांकडे हिशेबाचं काम दिलं होतं. एकदा हिशेबात एका पैचा फरक येत होता. नाथ रात्रभर दिव्याजवळ बसले. पहाटेकडे चूक सापडली आणि त्यांनी आनंदाने टाळी वाजवली. स्वामी जागेच होते, मागे उभे राहून बघत होते. त्यांनी सांगितलं ते साधारण असं, की एका पैची चूक सापडली तर एवढा आनंद. हेच चित्त असंच देवाकडे लावलंस तर केवढा आनंद होईल!

रात्री दोन वाजता प्रॉडक्शनमधला बग सापडल्यावर होतो तो आनंद आपल्याला चांगला ठाऊक आहे. तेव्हा भूक लागत नाही, फोन वाजलेला कळत नाही. स्वामींनी त्या आनंदाला कमी लेखलं नाही, हिशेब सोडून माळ घेऊन बस असंही म्हटलं नाही. एकाग्रता तयार आहे, आता फक्त तिचं तोंड वळव, एवढंच सांगितलं.

आता भागवतात या. अकराव्या स्कंधात एक अवधूत यदुराजाला आपले २४ गुरू सांगतो. पृथ्वी, वारा, समुद्र, अजगर, मधमाशी, पिंगळा... त्यात एक आहे बाण करणारा कारागीर. तो बाणाचं टोक सरळ करण्यात इतका गढलेला असतो की समोरून राजाची स्वारी वाजतगाजत जाते आणि त्याला पत्ताही लागत नाही. परंपरा त्या अवधूताला दत्तात्रेय मानते. म्हणजे बघा, दत्तात्रेयांनी बाण करणाऱ्याकडून जे घेतलं ते स्वामींकडे आलं, आणि स्वामींनी ते एका पैच्या निमित्ताने नाथांच्या हातात ठेवलं. पुढे याच अकराव्या स्कंधावर नाथांनी मराठीत टीका लिहिली. मूळ स्कंधाचे ३१ अध्याय, मराठीत अठरा हजारांहून अधिक ओव्या. सुरुवात पैठणला झाली, आणि १५७३ साली कार्तिकी पौर्णिमेला काशीत ग्रंथ पूर्ण झाला. तेच आपलं एकनाथी भागवत.

मधली चोवीस वर्षं

स्वामी १५७५ला गेले. नाथ १५९९ला. मधे २४ वर्षं. या २४ वर्षांत दरवर्षी फाल्गुन वद्य षष्ठी येत राहिली. ज्या दिवशी गुरू पहिल्यांदा भेटले तोच दिवस, ज्या दिवशी गुरू गेले तोही तोच. कल्पना करून बघा. असा दिवस उजाडला की काय करायचं? रडायचं की नाचायचं?

परंपरेनुसार नाथ आपल्या वाड्यात ही षष्ठी उत्सव म्हणून करत. कीर्तन, भजन, अन्नदान. आणि उरलेल्या ३५३ दिवसांत काय केलं? १५८४ साली ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली. ज्ञानदेवांना जाऊन तेव्हा जवळजवळ तीनशे वर्षं होत आली होती. हाताने नकला करताना पाठ बदलत गेले होते, कुणी आपल्याच ओव्या मधे घातल्या होत्या. नाथांनी पोथ्या पडताळून पाठ सिद्ध केला आणि यात यापुढे कुणी आपली भर घालू नये असं बजावून ठेवलं. अठरा हजार ओव्या लिहिलेला कवी दुसऱ्याच्या ग्रंथावर एवढं काम करतो आणि त्यात स्वतःचं काही मिसळत नाही, हे मला फार मोठं वाटतं. ते काम पूर्ण झालं तीही षष्ठीच, भाद्रपदातली कपिलाषष्ठी. दुर्मिळ योगाला आपण ‘कपिलाषष्ठीचा योग’ म्हणतो ना, तीच. म्हणून भाद्रपद वद्य षष्ठीला ज्ञानेश्वरी जयंती करतात.

याच काळात भारूडं लोकांच्या तोंडी गेली, आणि भावार्थ रामायण लिहायला घेतलं. त्या रामायणाचं पुढे काय झालं, ते आजच्या दिवसाशी फार जवळून जोडलेलं आहे.

अर्ध्यावर ठेवलेलं रामायण

भावार्थ रामायण नाथांच्या हातून पूर्ण झालं नाही. युद्धकांडाच्या ४४व्या अध्यायापर्यंत ते आलं आणि षष्ठी जवळ आली. पुढचं काम गावबा नावाच्या शिष्याने केलं असं परंपरा सांगते. हा गावबा कोण? पुरणपोळीच्या ओढीने नाथांच्या घरी राहिलेला एक भोळा पोरगा. मंत्र दिला तर त्याच्या तोंडी एकच नाव बसायचं, ‘एकनाथ’. नाथांचे चिरंजीव हरिपंडित तर मोठे विद्वान. घरात पंडित मुलगा असताना काम गेलं त्या पुरणपोळीवाल्याकडे.

आपल्या प्रोजेक्टमध्ये एखादा सीनियर जायचा असला की हँडओव्हरच्या मीटिंगा सुरू होतात. बहुतेक वेळा त्यात एकच भीती असते, ‘हा गेला की सगळं बसणार.’ आणि जाणाऱ्याच्याही मनात कुठेतरी गोड वाटत असतं, की माझ्यावाचून यांचं अडेल. नाथांकडे यातलं काहीच दिसत नाही. राम-रावण युद्ध ऐन रंगात आलेलं असताना लेखणी खाली ठेवली. काम माझं नव्हतंच, ज्याचं आहे तो दुसऱ्या हाताकडून करून घेईल, हा विश्वास नुसता बोलायला सोपा आहे. आयुष्यातलं शेवटचं पुस्तक अर्धं ठेवून उठणं, हे तो विश्वास खरा असल्याशिवाय जमत नाही.

मग षष्ठी आली. गोदावरीच्या काठी कीर्तन झालं, लोक जमले होते, आणि नाथ पाण्यात चालत गेले.

गीतेच्या आठव्या अध्यायात भगवंत सांगतात की शेवटच्या क्षणी माणूस ज्याचं स्मरण करतो त्यालाच जाऊन मिळतो. आपण ते ऐकतो आणि मनात म्हणतो, ठीक आहे, शेवटी नाव घेऊ. पण त्याच्याच पुढे भगवंत म्हणतात, म्हणून सगळ्या काळी माझं स्मरण कर आणि युद्धही कर. शेवटचा क्षण काही वेगळा तयार करता येत नाही. नाथांनी त्या दिवशी जे केलं ते दरवर्षीच्या षष्ठीला करत होतेच, कीर्तन. फक्त यावेळी घरी परतले नाहीत.

उद्धवाच्या डोक्यावरच्या पादुका

अकरावा स्कंध हा निरोपाचा स्कंध आहे. यादवकुळाचा शेवट जवळ आलाय हे उद्धवाला कळतं आणि तो कृष्णाचे पाय धरतो, मलाही बरोबर न्या. कृष्ण त्याला बरोबर नेत नाही. आधी खूप काही शिकवतो, २४ गुरूंची गोष्ट त्यातच येते, आणि मग सांगतो, तू बदरिकाश्रमाला जा. उद्धवाचा पाय निघत नाही. पुन्हा पुन्हा नमस्कार करतो, आणि शेवटी कृष्णाच्या पादुका डोक्यावर घेऊन निघतो.

भागवताने इथे उद्धवाचं दुःख लपवलेलं नाही. एवढं ज्ञान ऐकूनही त्याचा कंठ दाटतोच. भक्ताला रडू येऊ नये असं कुठेही म्हटलेलं नाही. पण तो रडत द्वारकेत बसून राहिला नाही. जे मिळालं ते डोक्यावर घेतलं आणि सांगितलेल्या वाटेला लागला. पैठणला सप्तमीच्या रात्री नाथांच्या पादुकांचा छबिना निघतो तेव्हा मला हा उद्धव आठवतो.

हे सगळं आज लिहायचं एक कारण आहे. माझ्या टीममधल्या एका मित्राचे वडील दोन वर्षांपूर्वी गेले, नेमके त्याच्या मुलीच्या वाढदिवसाला. ती तेव्हा तीन वर्षांची झाली होती. केक फ्रिजमध्ये होता आणि दारात माणसं जमली होती. पुढच्या वर्षी तो दिवस जवळ आला तसा घरात ताण सुरू झाला. आई म्हणे, या दिवशी घरात गोडधोड नको. बायको म्हणे, पोरीचा काय दोष? हा मधे अडकलेला. एकदा जेवणाच्या सुट्टीत मला म्हणाला, “अरे, तू रोज ते भागवत-बिगवत वाचतोस. सांग ना, हा दिवस कुणाचा धरायचा? बाबांचा की पिल्लूचा?”

मी त्याला शास्त्रार्थ सांगितला नाही, माझा तेवढा अधिकारही नाही. या पाच घटना सांगितल्या. म्हटलं, एकाच दिवशी एकाचा जन्म, त्याच दिवशी भेट, त्याच दिवशी वियोग, असा दिवस चारशे वर्षं लोक पाळतायत आणि त्यांना त्यातलं काही पुसावं लागलं नाही. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “बाबा दर रविवारी खाली जाऊन वॉचमनकाकांना चहा द्यायचे. घरून, थर्मासमधून. आता कुणीच देत नाही.”

त्यांच्या घरी श्राद्ध तिथीने होतं, ते आजी रीतसर करून घेतात. आणि वाढदिवसाला ती चिमुरडी सकाळी बाबाचं बोट धरून थर्मास घेऊन खाली जाते. आजोबांचा चहा. संध्याकाळी केक. आजी गेल्या वर्षी केकच्या वेळी थोड्या आत जाऊन बसल्या, मग आपणच बाहेर आल्या. डोळे पुसलेले होते म्हणे, पण केक खाल्ला.

मला वाटतं षष्ठी हेच सांगते. गेलेल्या माणसाचा दिवस पाळायचा म्हणजे त्याने आपल्या हातात काय ठेवलं ते आठवायचं आणि ते पुढे द्यायचं. दत्तांनी स्वामींना दिलं, स्वामींनी नाथांना, नाथांनी गावबाला. पाच पर्वांमध्ये जन्म आणि मृत्यू आहेत खरे, पण त्यांना एकत्र बांधणारा धागा या देण्याघेण्याचा आहे. तो धागा तुटला तर मात्र ती तिथी नुसती दुःखाची उरते.

पैठणचा रांजण

पैठणला नाथांच्या वाड्यात एक रांजण आहे. श्रीकृष्ण श्रीखंड्या होऊन नाथांच्या घरी पाणी भरत होता अशी कथा आहे, तो हा रांजण. तुकाराम बीजेला त्याची पूजा होते आणि भाविक येऊन त्यात गोदावरीचं पाणी ओतू लागतात. ज्याच्या घागरीने रांजण भरून वाहतो त्याच्या रूपाने देव आला असं मानतात. आता तो कुणाच्या घागरीने भरेल हे आधी कुणालाच माहीत नसतं. ओतणारे शेकडो असतात. आधीच्या प्रत्येकाने ओतलेलं पाणी आत असतं म्हणूनच शेवटच्याच्या घागरीने तो वाहतो.

आणि उत्सव संपतो कसा? अष्टमीला काल्याने. दहीहंडी फुटते, लाह्या-दह्याचा काला वाटला जातो, ओळखीचा-अनोळखी बघितलं जात नाही. समाधीच्या दिवशी सुरू झालेला सोहळा गोकुळातल्या खेळाने संपतो.

आजची साधना

पैठणला जाता आलं तर उत्तमच, संभाजीनगरहून पन्नासेक किलोमीटरच आहे. नाही जमलं तर आज एवढं करू या.

एकनाथी भागवत उघडा आणि सातव्या, आठव्या, नवव्या अध्यायातला अवधूताचा संवाद, जमेल तेवढा वाचा. भाषा जुनी वाटली तर मोठ्याने वाचा, निम्मा अर्थ कानातून कळतो.

मग आपल्या घरातलं जे माणूस गेलंय, आजी, आजोबा, आई, बाबा, कुणीही, त्यांची तिथी माहीत नसेल तर आज घरी फोन करून विचारून घ्या. वडीलधारी माणसं आहेत तोवरच हे कळतं. तारखेबरोबर तिथीही लिहून ठेवा. आणि तिच्यासमोर एक ओळ लिहा, त्यांनी मला काय दिलं. एखादी सवय असेल, एखादी पाककृती, हिशेब चोख ठेवण्याची शिस्त, कुणाला तरी नेमाने दिलेला चहा. पुढच्या वर्षी ती तिथी येईल तेव्हा हार-फुलांबरोबर ती एक गोष्ट कुणाला तरी द्या.

रात्री जागे असाल तर गॅलरीत जाऊन चंद्र उगवलाय का बघा, आणि झोपण्याआधी एकदा मोठ्याने म्हणा,

भानुदास एकनाथ! श्री एकनाथ महाराज की जय! राम कृष्ण हरी.